मराठीचे छापील व्याकरण आणि सेरामपूरचा पाद्री

१८०५ साली मराठी भाषेचे एक व्याकरण छापून प्रसिद्ध झाले. ते पुण्यात छापले गेले नाही, मुंबईत नाही, आणि हिंदुस्थानात छपाईची कला ज्या भूमीवर प्रथम उतरली त्या गोव्यातही नाही. ते छापले गेले बंगालमध्ये, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेल्या सेरामपूर नावाच्या लहानशा गावी. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी या गावाचा संबंध नाही, जरी बंगालीत त्याचेही नाव श्रीरामपूर असेच आहे. त्या काळी तेथे इंग्रजांचा अंमल नव्हता. गाव डेन्मार्कच्या राजाचे होते. पुस्तकाचे विवेचन इंग्रजीत, मराठी शब्द व उदाहरणे देवनागरी खिळ्यांत, आणि ग्रंथकर्ता विल्यम कॅरी. मराठी मुलखात या गृहस्थांनी कधी पाऊल ठेवले नव्हते आणि पुढेही ठेवले नाही.

गोव्याच्या वाचकाला या घटनेचे नवल अधिक वाटावे. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली मुद्रणयंत्र आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे पाडण्याचे काम तडीस गेले नाही. पुढे पोर्तुगीज राजवटीचे भाषाविषयक धोरण पालटले, देशी भाषांतील छपाई थांबली आणि १७५४ साली तर छपाईवरच बंदी आली. गोव्यात सरकारी साप्ताहिकाच्या निमित्ताने यंत्र पुन्हा सुरू झाले ते १८२१ मध्ये. या मधल्या काळात मराठी भाषा देवनागरी खिळ्यांनी छापण्याचे काम देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका बॅप्टिस्ट पाद्र्याच्या हातून सुरू झाले. हे कसे घडले याचे उत्तर भाषाप्रेमात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते कॅरी यांच्या चरित्रात, विशेषतः त्यांच्या पगाराच्या हिशेबात आहे.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टन परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते आणि पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाला उन्हात काम केले की त्वचेचा त्रास होई, म्हणून शेतीचा मार्ग बंद झाला आणि त्याला जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. उमेदवारीच्याच काळात लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांचा नाद लागला. कलकत्त्यात थोर पदाला पोचल्यानंतरची एक आठवण चरित्रकारांनी नोंदली आहे. गव्हर्नर जनरलांच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने, हा प्राध्यापक पूर्वी जोडे बनवत होता ना, असे शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारले. कॅरी यांनी त्याला सुधारले: बनवत नव्हतो, फक्त दुरुस्त करत होतो.

बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंटांतील एक पंथ. बालकाला बाप्तिस्मा देणे या पंथाला मान्य नाही. जाणत्या वयात स्वतः श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच, पाण्यात पूर्ण बुडवून, तो दिला जातो. कॅरी यांचा असा बाप्तिस्मा १७८३ मध्ये नेन नदीत झाला. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचा पंथ असल्याने त्याच्या अनुयायांना ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे, सरकारी अधिकारपदेही मिळत नसत. हा तपशील पुढे कलकत्त्यात उपयोगी पडणार आहे. मूल्टन गावी कॅरी पाद्री झाले, पण मंडळीकडून मिळणारे मानधन इतके तुटपुंजे होते की शाळा चालवणे आणि जोडे शिवणे ही दोन्ही कामे चालूच ठेवावी लागली. एका माणसाने तीन धंदे करण्याची सवय तेथेच लागली असावी.

१७९२ मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहिली. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे केवळ येशूच्या मूळ शिष्यांचे काम नव्हते, ते आजच्या मंडळींचेही आहे, असा तिचा युक्तिवाद; आणि त्याला जोडून जगातील देशांची लोकसंख्या व धर्म यांचे तक्ते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिल्या बैठकीत जमलेली वर्गणी होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या पुंजीवर हिंदुस्थानात मिशन काढायचे होते.

जून १७९३ मध्ये एका डॅनिश जहाजातून कॅरी निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोचले. डॅनिश जहाजाचेही कारण होते: ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात परवान्याशिवाय कोणाला येऊ देत नसे आणि मिशनऱ्यांना परवाना द्यायला ती मुळीच उत्सुक नव्हती. धर्मप्रसाराने रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती. पहिली काही महिने उपासमारीची गेली. सुंदरबनात जंगल तोडून शेती करण्याचाही प्रयत्न झाला. अखेर उत्तर बंगालमधील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. पगार दरमहा २०० रुपये. ती मिळताच कॅरी यांनी सोसायटीला कळवले की आता आपल्या निर्वाहासाठी पैसे पाठवण्याची गरज नाही. मिशनऱ्याने स्वतःच्या कमाईवर जगावे हा विचार त्यांच्या मनात पक्का होता. पुढच्या सगळ्या उद्योगांचा पाया हाच विचार आहे आणि पुढच्या सगळ्या भांडणांचाही.

१७९९ च्या अखेरीस आणखी मिशनरी आले. त्यांत विल्यम वॉर्ड हे मुद्रक व वृत्तपत्राचे माजी संपादक होते, तर जोशुआ मार्शमन शाळामास्तर. कंपनीच्या मुलखात राहण्याची परवानगी त्यांना मिळेना. डॅनिश गव्हर्नरांनी मात्र सेरामपूरमध्ये आसरा दिला. जानेवारी १८०० मध्ये कॅरीही तेथे गेले. या तिघांनी ठरवलेली व्यवस्था एखाद्या एकत्र कुटुंबासारखी होती. सर्वांनी एकाच आवारात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, प्रत्येकाची कमाई एका तिजोरीत जमा करायची आणि घरखर्चाला ठरावीक लहानशी रक्कम घ्यायची. मार्शमन पतिपत्नींनी मुलामुलींसाठी निवासी शाळा काढली, वॉर्ड यांच्या छापखान्यात बाहेरची कामे येऊ लागली. तरीही तिजोरीत सर्वांत मोठी भर पडली ती तिसऱ्याच दिशेने.

गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज सुरू केले. विलायतेहून आलेल्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणे हा त्याचा हेतू. बंगाली शिकवू शकेल असा युरोपियन शोधताना नुकताच बंगालीत 'नवा करार' छापणारे कॅरी हेच पुढे आले. १८०१ मध्ये त्यांची नेमणूक झाली. मात्र प्राध्यापकाचे पद राजमान्य चर्चच्या अनुयायासाठीच राखलेले असल्याने या बॅप्टिस्टाला 'शिक्षक' म्हणून घेतले गेले आणि पगार ठरला दरमहा ५०० रुपये. १८०७ मध्ये अडथळा दूर होऊन ते प्राध्यापक झाले, तेव्हा पगार १,००० रुपये झाला. ज्या सरकारने मिशनऱ्याला आपल्या मुलखात राहू देण्यास नकार दिला होता, त्याच सरकारचा पगार आता मिशनच्या तिजोरीत पडू लागला. कॅरी आठवड्यातील काही दिवस नदीवाटे कलकत्त्यास जात, शिकवत आणि परत येत. तीस वर्षे हा क्रम चालला.

याच कॉलेजात मराठी आली. त्यामागे राजकारण होते. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. १८०३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी कंपनीचे युद्ध झाले. ओरिसा भोसल्यांकडून कंपनीकडे आला. मराठी कागदपत्र वाचणारे, मराठी दरबारांत बोलू शकणारे अधिकारी आता हवे होते. १८०४ च्या सुमारास बंगाली व संस्कृतच्या जोडीला मराठी शिकवण्याचेही काम कॅरी यांच्याकडे आले. शिकवायचे तर पुस्तक हवे. छापील पुस्तक नव्हते. तेव्हा ते तयार करणे हाही नोकरीचाच भाग ठरला. मराठीचे हे छापील व्याकरण असे एका सरकारी अभ्यासक्रमाच्या निकडीतून जन्मले.

कॅरी यांना मराठी कोणी शिकवली? कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांनी. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरी यांनी त्यांचे साहाय्य नावानिशी मान्य केले आहे, आणि त्या काळातल्या युरोपियन ग्रंथकर्त्यांची रीत पाहता तेवढेही सर्वांनी केले नसते. तरी मुखपृष्ठावर एकच नाव आहे. नामांची रूपे, क्रियापदांचे काळ, बोलण्यातले वळण ही सामग्री बंगालमध्ये बसलेल्या इंग्रजाला दुसरीकडून मिळण्याजोगी नव्हती. मांडणीची चौकट कॅरी यांची, भाषा वैजनाथांची, असे म्हणणे न्यायाला धरून होईल. मराठी वाङ्मयेतिहासाने वैजनाथ पंडितांची आठवण ठेवली आहे ती बहुधा त्यांच्या नावावरील पुस्तकांमुळे: 'सिंहासनबत्तिशी' १८१४ मध्ये, 'हितोपदेश' १८१५ मध्ये आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' १८१६ मध्ये सेरामपूरलाच छापली गेली. मराठी गद्य छापील पुस्तकाच्या रूपाने वाचकापुढे येण्याच्या वाटेवरचे हे पहिले टप्पे. त्यांतले प्रतापादित्याचे चरित्र मुळात बंगाली. त्याच कॉलेजातील रामराम बसू यांनी लिहिलेले. कलकत्त्यातील एका इमारतीत बसलेल्या पंडितांमुळे बंगालच्या राजाची कथा मराठीत आली.

ही पुस्तके मोडीत छापली गेली. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण त्या काळात मराठी माणसाचा व्यवहार मोडीत चाले. देवनागरी, म्हणजे बाळबोध, पोथ्यांसाठी असे. कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे येणारे अर्ज, हिशेब, सनदा मोडीतच असणार हे उघड होते. म्हणून मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि १८१० मध्ये कॅरी यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यात मराठी शब्द मोडीत आहेत. मोडी हात न उचलता लिहिण्याची लिपी. तिची जोडाक्षरे तोडून एकेका खिळ्यावर बसवणे हे कारागिराच्या कसोटीचे काम होते. ज्या ओतशाळेतून हे खिळे निघाले ती पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने उभी केली होती. चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली त्याने ही विद्या घेतली होती. देवनागरीच्या संचासाठी त्याने हाती घेतलेले ठसे सुमारे सातशे होते. तो वारल्यावर त्याचा जावई मनोहर याने काम पुढे नेले. व्याकरणाच्या श्रेयाचा विचार करताना या दोघांचीही नावे घेतली पाहिजेत.

कॅरी यांच्या मराठी कामाचा दुसरा भाग बायबलच्या भाषांतराचा. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये, तर संपूर्ण 'नवा करार' १८११ मध्ये निघाला. सेरामपूरच्या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषांत बायबल किंवा त्याचे भाग प्रसिद्ध झाले. हा आकडा भक्तिभावाने सांगितला जातो. तो कसा शक्य झाला हे मात्र क्वचित सांगितले जाते. प्रत्येक भाषेसाठी एक पंडित नेमलेला असे. संस्कृत किंवा बंगाली भाषांतर पुढे ठेवून तो ते आपल्या भाषेत उतरवी आणि कॅरी ते मूळ ग्रीक-हिब्रूशी ताडून तपासत. या पद्धतीने वेग आला आणि भाषांतरे कृत्रिमही झाली. मराठीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना सेरामपूरचे मराठी भाषांतर आपल्या श्रोत्यांसाठी उपयोगी वाटले नाही. त्यांनी नव्याने काम आरंभले आणि १८२६ मध्ये स्वतःचा 'नवा करार' छापला. कोशाचेही तेच झाले. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा प्रचंड मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि कॅरी यांचा कोश संदर्भापुरता उरला. जिथे भाषा बोलली जाते तिथे राहून केलेल्या कामापुढे दूर बसून केलेले काम टिकले नाही.

कोकणीतही सेरामपूरहून 'नवा करार' निघाला, १८१८ मध्ये, देवनागरी लिपीत. त्या साली गोव्यात कोणत्याही भाषेतले एकही पान छापले जात नव्हते. रोमन लिपीत कोकणी वाचणाऱ्या कॅथलिक समाजापर्यंत हे प्रोटेस्टंट भाषांतर पोचण्याची शक्यता बेताचीच, तरी कोकणीच्या मुद्रणाच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावीच लागते. बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांसाठी आणखी एक नोंद: कॅरी यांचे कानडी व्याकरण १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी पंजाबी आणि तेलुगू व्याकरणेही निघाली होती.

या साऱ्या कामावर एका रात्रीत घाला पडला. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते जळून गेली. नुकसान सुमारे ७० हजार रुपयांचे. कॅरी त्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्यात होते. मार्शमन यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन बातमी सांगितली. सर्वांत मोठा घाव होता तो भारतीय भाषांच्या तौलनिक शब्दकोशाचा. वर्षानुवर्षे जमवलेली ती सामग्री कॅरी यांना पुन्हा उभी करता आली नाही. खिळे ओतण्याचे मूळ ठसे व साचे मात्र वाचले. वितळलेला धातू राखेतून वेचून वॉर्ड यांनी थोड्याच दिवसांत पुन्हा ओतकाम सुरू केले. आगीची बातमी विलायतेस पोचली तेव्हा तेथील मंडळींनी सुमारे दोन महिन्यांच्या आत दहा हजार पौंड जमवले. त्या आगीने सेरामपूरचे नाव इंग्लंडात घरोघर नेले. त्यातून आलेल्या पैशाबरोबर त्या पैशावरचा हक्क आणि देखरेखही आली, पण ते पुढे.

संपादक म्हणून कॅरी यांचे काम तीन निरनिराळ्या क्षेत्रांत विखुरले आहे. मार्शमन यांच्यासह त्यांनी वाल्मीकी रामायणाचे काही भाग संस्कृत मूळ व इंग्रजी भाषांतरासह तीन खंडांत संपादित केले. हिंदू धर्म चुकीचा आहे असे मानणाऱ्या पाद्र्याने रामायण छापावे याचा विलायतेतल्या काहींना रागही आला. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग विलायतेस परतल्यावर त्यांची कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची यादी कॅरी यांनी १८१४ मध्ये छापली आणि रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथही सेरामपूरहून प्रसिद्ध केला. ही केवळ मित्रसेवा नव्हती. सेरामपूरमध्ये कॅरी यांची स्वतःची सुमारे पाच एकरांची बाग होती आणि १८२० मध्ये हिंदुस्थानची कृषी व उद्यानविद्या संस्था त्यांच्याच पुढाकाराने निघाली. सह्याद्रीच्या जंगलात सर्वत्र आढळणाऱ्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'कॅरेया आर्बोरिया' आहे. ते नाव रॉक्सबर्ग यांनी या मित्रावरून दिले.

तिसरे क्षेत्र वृत्तपत्राचे, आणि येथे कॅरी यांचा स्वभाव स्पष्ट दिसतो. एप्रिल १८१८ मध्ये सेरामपूरहून 'दिग्दर्शन' हे बंगाली मासिक निघाले आणि २३ मे रोजी 'समाचार दर्पण' हे साप्ताहिक. संपादनाचा भार जोशुआ मार्शमन यांचा मुलगा जॉन क्लार्क मार्शमन यांच्यावर होता. वृत्तपत्र काढण्यास कॅरी यांची मनापासून संमती नव्हती. पूर्वी सरकारच्या अवकृपेचा अनुभव घेतलेला. बातम्या छापल्याने ती पुन्हा ओढवेल ही धास्ती. मार्शमन यांनी पहिला अंक सरकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी तो नाराजीने परत केला नाही. उलट टपालदरात सवलत दिली. त्याच वर्षी सुरू झालेले 'फ्रेंड ऑफ इंडिया' हे इंग्रजी पत्र पुढे 'स्टेट्समन'मध्ये विलीन झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक. दोन्ही नावे सेरामपूरच्या पत्रांशी जुळणारी आहेत, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात सेरामपूरकरांनी उभारलेल्या देशी भाषेतील प्राथमिक शाळांची संख्या १८१८ पर्यंत शंभराच्या वर गेली. भूगोल, गणित, सृष्टिविज्ञान हे विषय मुलांनी आपल्याच भाषेत शिकावेत हा या शाळांचा आग्रह. १८१८ मध्येच सेरामपूर कॉलेज निघाले. ते ख्रिस्ती तरुणांपुरते नव्हते. कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्याला प्रवेश होता, संस्कृतसह पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय शास्त्रे दोन्ही शिकवण्याची योजना होती. पहिल्याच तुकडीत ख्रिस्ती व हिंदू विद्यार्थी एकत्र बसले. विलायतेतल्या सोसायटीला हा खर्च पटला नाही; मिशनच्या पैशाने हिंदू मुलांना संस्कृत कशाला, हा तिचा प्रश्न. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार असलेली सनद दिली. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील विद्यापीठे निघाली १८५७ मध्ये, तीस वर्षांनी. १८४५ मध्ये सेरामपूर इंग्रजांना विकले गेले तेव्हाही ही सनद अबाधित राखण्यात आली. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीसह देशातील अनेक धर्मशास्त्र महाविद्यालयांच्या पदव्या आजही सेरामपूरच्या सिनेटतर्फे दिल्या जातात.

सतीच्या प्रथेविरुद्धचे त्यांचे काम अधिक परिचित आहे. १८०३ मध्ये कलकत्त्याभोवतीच्या तीस मैलांत माणसे पाठवून त्यांनी सती गेलेल्या स्त्रियांची मोजदाद करवली. आकडा आला ४३८. सरकारपुढे केवळ करुणेची हाक न ठेवता संख्या ठेवण्याची ही रीत १७९२ च्या पुस्तिकेतील तक्त्यांची आठवण करून देते. राजा राममोहन राय यांची चळवळ पुढची, आणि तिचे मोल वेगळे. पण मोजणीचे हे काम आधीचे आहे. ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा झाला आणि त्याचे बंगाली भाषांतर करण्यासाठी तो कॅरी यांच्याकडे आला. तो हाती आला तो दिवस रविवार होता. एका दिवसाच्या विलंबानेही कोणाचा तरी जीव जाईल म्हणून त्यांनी त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि पंडिताला बरोबर घेऊन संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले.

या माणसाच्या घरात मात्र दुःख होते. पत्नी डोरोथी यांना लिहितावाचता येत नव्हते आणि हिंदुस्थानात येण्याची त्यांची इच्छाही नव्हती. प्रथम त्यांनी साफ नकार दिला होता. प्रवास लांबला, पुन्हा आर्जवे झाली, तेव्हा बहीण बरोबर येणार असेल तर येते म्हणाल्या आणि काही आठवड्यांचे मूल घेऊन जहाजात चढल्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डोरोथी यांचे मन ढळले ते सावरले नाही. डिसेंबर १८०७ मध्ये त्या वारल्या, तोवरची बारा वर्षे संशय, आक्रोश आणि बंद खोली यांत गेली. शेजारच्या खोलीत व्याकरणाची मुद्रिते तपासली जात होती. कॅरी यांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा सल्ला मानला नाही, हे त्यांच्या बाजूचे. पण डोरोथींनी मोजलेली किंमत त्यांनी स्वतः निवडलेल्या कामासाठी नव्हती, ही गोष्ट गौरवपर चरित्रांत बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

अखेरची वर्षे पैशाच्या वादाने काळवंडली. १८१५ नंतर विलायतेतील सोसायटीचे कारभारी बदलले. नव्यांना सेरामपूरची मालमत्ता, छापखाना, इमारती आपल्या नावावर हव्या होत्या. सेरामपूरकरांचे म्हणणे असे की यातला मोठा भाग आमच्या कमाईचा आहे. कॉलेजचा पगार, शाळांचे उत्पन्न आणि छपाईचा नफा यांतून तो उभा राहिला. तो मिशनचाच आहे, पण त्याचा कारभार आम्ही करणार. तरुण मिशनऱ्यांनी वेगळी चूल मांडली. विलायतेत आरोप झाले की हे तिघे ऐश्वर्यात राहतात. १८२७ मध्ये सेरामपूर व सोसायटी यांची फारकत झाली. १८२३ मध्ये वॉर्ड गेले होते. त्याच साली दामोदरच्या पुराने कॅरी यांचे घर व बाग उद्ध्वस्त केली होती. १८३० पासून कलकत्त्याच्या मोठ्या युरोपियन पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि मिशनच्या ठेवी त्यांत गेल्या. त्याच वेळी सरकारने फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकपदे रद्द केली आणि ज्या पगारावर सारा डोलारा उभा होता तो थांबून निम्म्या रकमेचे निवृत्तिवेतन उरले.

९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे कॅरी यांचे निधन झाले. १७९३ नंतर ते इंग्लंडला एकदाही परतले नव्हते. मृत्युपत्रात त्यांनी मिशनच्या आवारावर आपला कोणताही हक्क नसल्याचे लिहून ठेवले होते. खनिजे, शिंपले, पोवळी व कीटक यांचा संग्रह आणि निरनिराळ्या भाषांतील बायबलच्या प्रती कॉलेजला दिल्या. पत्नी ग्रेस यांनी हवी ती इंग्रजी पुस्तके काढून घ्यावीत. उरलेला ग्रंथसंग्रह लिलावात विकून त्या रकमेतून जेबेझ या मुलाला दीड हजार रुपये द्यावेत, असे त्यात नमूद होते. हा जेबेझ म्हणजे १७९३ साली आईच्या कडेवर जहाजात चढलेले तेच मूल.